कचरूसरांची हरकत

पिशोरच्या शाळेत कचरूसर मुलांना खेळ शिकवायचे. पण गाव त्यांना ओळखायचं ते दोन गोष्टींमुळे, एक त्यांची मिशी आणि दुसरं त्यांचं पालुपद, "नियम म्हणजे नियम." मिशी चांगली रुंद, टोकांना वर वळलेली, आणि घरात कुणाच्या डोक्याला मिळो न मिळो, तिला रोज बोटभर खोबरेल मिळायचंच. नियमाचं म्हणाल, तर शाळेच्या क्रीडादिनी लिंबू-चमच्याच्या शर्यतीत सरांनी स्वतःच्या मुलाला बाद केलं होतं. लिंबाला अंगठा लावला म्हणून. पोरगं पहिलीत होतं. त्या संध्याकाळी जेवताना बायकोनंही नियम पाळला आणि सरांना दुसऱ्यांदा भाजी वाढली नाही.

एवढा नियमाचा माणूस शपथ घेण्याआधी निदान कालनिर्णय तरी बघेल, असं कुणालाही वाटेल. सरांनी बघितलं नाही.

झालं होतं असं. पिशोरच्या मुलींचा कबड्डी संघ दरवर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत जायचा आणि दरवर्षी शहरातल्या शहागंजच्या मुलींकडून मार खाऊन परत यायचा. उन्हाळ्यात एका बाजारच्या दिवशी सर कडुबाच्या हॉटेलात चहा पीत बसले होते. कडुबाला स्वतःला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गाव हरलं की कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडल्याशिवाय त्याला भजी तळायला हुरूप येत नसे.

"सर, मिशीला रोज त्याल लावता," कडुबा भर गर्दीत म्हणाला, "पोरींच्या टीमला बी लावा की थोडं. गंजली जणू."

हॉटेल हसलं. सर उठले. मिशीवर पालथा हात ठेवून म्हणाले, "औंदा शहागंजाला हरवलं नाय, तर त्याच दिवशी ही मिशी उतरवीन. ऐका समदे. त्याच दिवशी!"

हे शब्द सर घरी पोचायच्या आत त्यांच्या घरी पोचले होते.

मग पावसाळा सरला, स्पर्धेचं वेळापत्रक आलं, आणि अंतिम सामना आला नेमका नवरात्रात, सातव्या माळेला. सरांच्या घरी घट बसायचे. ज्या घरी घट बसतात, त्या घरच्या पुरुषाच्या तोंडाला दसऱ्यापर्यंत वस्तरा लागत नाही. सरांच्या घरातला हा रिवाज त्यांच्या आजोबांपासूनचा, आणि तो मोडायचा विचारही आजवर कुणाच्या मनाला शिवला नव्हता.

"हरलात तर काय करता?" बायकोनं विचारलं. "त्याच दिवशी म्हणालात. अन् घट तर हलायचे नाहीत."

"हरायचंच नाय," सर म्हणाले. म्हणाले खरं, पण गालावरची वाढलेली दाढी खाजवताना त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हरलं तर एक तर गावासमोर शब्द मोडायचा, नाहीतर देवीसमोर रिवाज. दोन्हीपैकी काहीही मोडलं तरी पिशोरात "नियम म्हणजे नियम" हे पुन्हा कुठल्या तोंडानं म्हणायचं?

म्हणून सातव्या माळेला सकाळी सर जीपमधून शहरात गारखेड्याच्या मैदानावर उतरले, ते जिंकण्याची कुठलीही वाट सोडायची नाही असं ठरवूनच. मागच्या जीपमधून कडुबा आला होता. मोबाइल पूर्ण चार्ज करून.

मैदानात पाऊल टाकताच सरांना ती दिसली. सदफ. शहागंजची कर्णधार. ही मुलगी चढाईला आली की पिशोरच्या मुली आधी तिच्याकडे आणि मग एकमेकींकडे बघायच्या, आणि तेवढ्यात ती दोघींना बाद करून परत गेलेली असायची. मागच्या वर्षीपर्यंत दोन घट्ट वेण्या घालून खेळायची. या वर्षी डोक्याला निळा स्कार्फ होता, कानांवरून घट्ट बांधून मागं गाठ मारलेला.

सरांचे डोळे चमकले. खरं सांगायचं तर त्यांना त्या स्कार्फचं काही पडलं नव्हतं. त्यांना भीती होती ती त्याच्या खालच्या डोक्याची. पण डोक्यावर हरकत घेता येत नाही, स्कार्फवर येते. सर तडक पंचांच्या टेबलाशी गेले.

मुख्य पंच होत्या सोनिया मॅडम. वयानं सरांच्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या, पण शिट्टी अशी वाजवायच्या की बाहेरच्या रस्त्यावरचा रिक्षावालासुद्धा ब्रेक दाबायचा.

"मॅडम, हरकत हाय," सर म्हणाले. "गणवेश म्हणजे बनियन, पँट, बूट. डोक्याला काय बांधायचं हे कुठंच लिव्हलेलं नाय. ते काढून खेळावं, नायतर खेळू नये. नियम म्हणजे नियम."

शहागंजच्या प्रशिक्षक अख्तरीआपा शांतपणे पुढं आल्या. त्या सदफच्या आत्या, आणि आपल्या काळात स्वतः जिल्ह्याकडून खेळलेल्या. "डोक्याला काही बांधू नये, असं तरी कुठं लिहिलंय सर?" त्यांनी विचारलं.

"उद्या एखादी डोक्यावर घागर घिऊन येईल! ती बी धर्माची म्हनंल!"

"घागर घेऊन दम टिकवला, तर मी तिला माझ्या संघात घेईन," अख्तरीआपा म्हणाल्या.

"अन् मागच्या साली हे नव्हतं!"

"मागच्या साली माझ्या दातांना तार पण होती सर," मागून सदफ म्हणाली. "तेव्हा तुम्ही हरकत घेतली नाही."

पिशोरच्याच दोन मुली फिसकन हसल्या. सरांनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी हसू गिळलं.

सोनिया मॅडमनी शिट्टी टेबलावर ठेवली. "सर, नियम कशासाठी असतो? कुणाला इजा होऊ नये आणि कुणाला जास्तीचा फायदा मिळू नये. या दोन्हींत हा स्कार्फ कुठं बसतो तेवढं सांगा."

सरांनी विचार केला. बराच वेळ केला, कारण असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मग एकदम त्यांना सुचलं.

"फायदा हाय ना! स्कार्फचं टोक मागं उडतं. चढाईत टोक आमच्या पोरीला लागलं तर? हात पोचत नाय तिथं टोक पोचतं!"

"बरोबर," मॅडम म्हणाल्या, आणि सर स्वतःच दचकले. मॅडमनी सदफला बोलावून गाठ बघितली. "पिना नकोत, कुणाच्या डोळ्यात जातील. टोक बनियनच्या आत खोचायचं. बाकी कपडा म्हणजे अंगच धरतात, ते आधीपासूनच आहे. टोक तिचं तुम्हाला लागलं तर तुमची खेळाडू बाद, आणि तुमच्या चढाईत तुमचा हात त्या टोकाला लागला तर ती बाद. दोघींना सारखंच. मान्य?"

"मान्य," अख्तरीआपा म्हणाल्या.

सरांच्या मनात लाडू फुटला. मुलीच्या डोक्यामागं शेपूट आहे, आणि शेपटीला हात लागला तरी मुलगी बाद! "मान्य," ते म्हणाले, "पण माइकवर सांगा. समद्यांना ऐकू जाऊ द्या. नंतर कुणी नाय म्हणायला नको."

मॅडमनी माइकवर सांगितलं. सरांनी मिशीला पीळ दिला. तेवढ्यात मॅडमची नजर खाली गेली.

"सर, तुमच्या या मुलीचे बूट?"

सरांनी बघितलं. तनुजा, त्यांच्या संघाचा डावा कोपरा, ज्या पोरीच्या पकडीवर त्यांची मिशी टांगलेली होती ती, टेबलाशेजारी अनवाणी उभी होती.

"नवरात्र हाय ना सर," तनुजा म्हणाली. "नऊ दिवस अनवाणी. देवीला बोललेय."

पिशोरला सराव मातीत व्हायचा आणि मातीत सगळ्याच मुली अनवाणी खेळायच्या. त्यामुळं तनुजाच्या पायात गेले सहा दिवस काही नाही, हे सरांच्या लक्षातच आलं नव्हतं. अंतिम सामनाही मागच्या वर्षीपर्यंत मातीतच व्हायचा. या वर्षी मॅट आली होती आणि मॅटवर बूट सक्तीचे होते.

"नियम म्हणजे नियम ना सर?" मॅडमनी विचारलं. त्यांनी अगदी साळसूदपणे विचारलं, हेच वाईट होतं.

सरांना घाम फुटला. "मॅडम, आता... देवाधर्माची गोष्ट हाय..." असं ते बोलून गेले आणि बोलताबोलता त्यांचे त्यांनाच आपले शब्द ऐकू आले. सदफ दुसरीकडं बघून ओठ चावत होती.

"आमची हरकत नाही," अख्तरीआपा म्हणाल्या. "खेळू द्या अनवाणी."

"तुमची नसेल, माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "मॅटवर अनवाणी पाय घासला तर कातडी सोलून निघते. स्कार्फनं कुणाला इजा होत नाही, यानं तिलाच होईल."

तनुजाचे डोळे भरून आले. बूट घातले तर देवीला दिलेला शब्द जातो, नाही घातले तर सामना. सर तिच्याकडं बघत राहिले. दोन शब्दांच्या मधे सापडलं की कसं वाटतं, हे त्या मैदानावर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

वाट काढली ती साळूबाईंनी. साळूबाई तनुजाची चुलती. मुलींच्या संघाबरोबर एक बाईमाणूस हवं म्हणून आलेल्या, आणि आल्यापासून मैदानाच्या कडेला शेंगदाणे खात बसलेल्या. त्या उठल्या, लुगड्यावरची टरफलं झटकली, मॅटपाशी गेल्या आणि वाकून मॅट बोटानं दाबून बघितली.

"ही काय हाय?" त्यांनी विचारलं.

"मॅट," मॅडम म्हणाल्या.

"गादी हाय ही. मऊ लागती." साळूबाई तनुजाकडं वळल्या. "तू देवीला काय बोललीस? जमिनीवर अनवाणी चालीन म्हणलीस का गादीवर?"

"जमिनीवर," तनुजा म्हणाली.

"मंग झालं! गादीवर कुठं नवरात्र असतं? गादीवर चढून बूट घालायचे, गादीवरच काढायचे. बूट भुईला टेकला नाय पायजेल. अन् बूट कापडी पायजेल, चामड्याचा चालायचा नाय."

सोनिया मॅडमनी यावर क्षणभर विचार केला. "मला चालेल," त्या म्हणाल्या. "माझा नियम मॅटपुरताच आहे."

आता प्रश्न बुटांचा. तनुजाचे बूट पिशोरला. शहागंजच्या एका राखीव खेळाडूनं आपले कापडी बूट काढून दिले. तनुजाला ते थोडे मोठे होत होते, पुढं रुमालाचा बोळा कोंबावा लागला. आणि बूट भुईला टेकू द्यायचे नाहीत म्हणून ते हातात धरून मॅटपर्यंत आणायचं काम कुणाकडं आलं? कडुबानं मोबाइल वर केला. शहागंजचे बूट छातीशी धरून, मिशी वर करून, कचरूसर मैदानातून चालत गेले. हे कडुबानं पूर्ण चित्रित केलं.

सामना सुरू झाला आणि सरांना मिशीसुद्धा विसरायला झालं, इतका तो रंगला. सदफ चढाईला आली की सर रेषेबाहेरून ओरडायचे, "टोक बघा, टोक!" टोक बनियनच्या आत होतं, त्यामुळं मुलींना बघायला काही मिळायचं नाही आणि तेवढ्यात सदफ एखादीला बाद करून जायची. दोनतीनदा असं झाल्यावर तनुजा वैतागून म्हणाली, "सर, टोक सोडा, पाय बघू द्या." सर गप्प बसले. मग तनुजानं सदफचा घोटा असा पकडला की शहागंजचे लोकसुद्धा "वा" म्हणाले. मध्यंतराला तनुजानं मॅटवर बसून बूट काढले, सरांनी ते हातात घेतले, आणि उत्तरार्धात परत चढवले. बुटांना घाम होता, पण मैदानातल्या मातीचा एक कण नव्हता.

शेवटचं मिनिट लागलं तेव्हा दोन्ही संघांचे गुण सारखे होते. सदफची आदली चढाई झाली तेव्हा पिशोरच्या श्रेयानं तिला मागून कवटाळायला उडी घेतली होती. पकड निसटली, श्रेया बाद झाली, पण तिच्या हातानं सदफचा बनियन वर सरकला आणि आत खोचलेलं टोक बाहेर आलं. ते खोचायला वेळ होता कुठं? आता शेवटची चढाईही सदफचीच होती. तिला रिकामं परत पाठवलं असतं तर सामना बरोबरीत सुटून पुढं जादा चढाया झाल्या असत्या. शहागंज दमलं होतं. पिशोरच्या मुली मातीत वाढलेल्या, त्यांच्यात अजून जोर होता. सरांना मिशी वाचलेली स्पष्ट दिसत होती.

सदफ आली. उजवीकडं गेली, डावीकडं वळली. पिशोरच्या मुली मागं मागं सरत राहिल्या, कुणीही हाताला लागली नाही. तनुजा कोपऱ्यातून घोट्यावर झेपावली. सदफनं पाय उचलला, गर्रकन फिरली आणि मध्यरेषेकडं पळाली. तिच्या मागं निळं टोक उडालं, गुडघ्यावर असलेल्या तनुजाच्या गालावरून घासलं आणि निघून गेलं.

शिट्टी झाली. सोनिया मॅडम पलीकडच्या बाजूला होत्या आणि मधे पिशोरच्या दोघी उभ्या होत्या. अलीकडच्या पंचाचं लक्ष सदफच्या पायांकडं होतं. मॅडमनी दोन्ही हात हलवले. रिकामी चढाई.

टोक लागलेलं बघितलं होतं फक्त एका माणसानं. कचरूसर कोपऱ्यालगतच उभे होते. कापडाला काही कळत नाही, त्यामुळं सदफलाही काही कळलं नव्हतं. ती कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. म्हणजे सुटलो, सरांना वाटलं.

आणि तनुजानं हात वर केला.

"मॅडम, लागलं," ती म्हणाली. "स्कार्फचं टोक. गालाला."

"नाय लागलं!" सर ओरडले.

आयुष्यात पहिल्यांदा कचरूसर नियमाच्या विरुद्ध बाजूनं ओरडले होते, आणि आवाज इतका चांगला लागला होता की बाहेर रस्त्यापर्यंत गेला असावा.

सोनिया मॅडम जवळ आल्या. "सर, तुमची खेळाडू लागलं म्हणते. तुम्ही नाही म्हणता. मी कुणाचं धरू?"

सरांनी तनुजाकडं बघितलं. ती घाबरली नव्हती. हात अजून वरच होता, अगदी सरळ. पायात दुसऱ्यांचे बूट, पुढं रुमालाचा बोळा कोंबलेला. मॅटभर पळूनही तिनं ते भुईला टेकू दिले नव्हते. जी पोर कुणी बघत नसताना नऊ दिवस खड्यांवरून चालते, ती गालाला लागलेलं टोक कुठं लपवणार? सरांना लाज वाटली. चांगलीच वाटली. आणि त्या लाजेच्या खालून कुठूनतरी अभिमान वर येत होता, तो त्यांना आवरेना.

"पोरीचं धरा," ते म्हणाले. मग घसा खाकरून परत म्हणाले, "मी बी बघितलं. लागलं."

गुण शहागंजला गेला. सामनाही.

तनुजानं मॅटवर बसून बूट सोडले. सरांनी ते घेतले आणि नेऊन त्या राखीव खेळाडूच्या हातात दिले. परत वळले तर समोर कडुबा. मोबाइल चालूच.

"सर," कडुबा गोड आवाजात म्हणाला, "त्याच दिवशी म्हणाला होतात."

गारखेड्यातल्या पहिल्या सलूनवाल्यानं हात जोडले. "घट बसलेत आमच्याकडं बी. नवरात्रात मी कुणाच्या मिशीला कात्री लावणार नाय." दुसऱ्याचं दुकानच बंद होतं. कडुबा मागं हटणारा नव्हता. मैदानावर पाणी पिताना त्यानं अख्तरीआपांकडून ऐकलं होतं की त्यांच्या वडिलांचं, म्हणजे चांदपाशांचं, शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याजवळ केस कापायचं दुकान आहे. "त्यांना कुठं घट आलेत!" कडुबा म्हणाला आणि जीप शहागंजला वळवली. पिशोरचा संघ, साळूबाई, सगळेच मागं. सर जीपमध्ये चढले. घटाचा रिवाज मोडायचा म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला होता, पण शब्द तर गावासमोर दिलेला. शब्द मोडलेला गाव बघणार होतं. रिवाज मोडलेला बायको आणि देवी. त्यांनी मनातल्या मनात दोघींची माफी मागून ठेवली.

चांदपाशांचं दुकान ओस होतं. म्हातारे चांदपाशा खुर्चीत बसून स्वतःच पेपर वाचत होते. सदफ आधीच घरी येऊन, आजोबांना सामना सांगत फळीवर बसली होती. डोक्याला निळा स्कार्फ तोच, टोक परत आत खोचलेलं.

सर खुर्चीत बसले. डोळे मिटले. "उतरवा," म्हणाले.

चांदपाशांनी त्यांच्या वाढलेल्या दाढीकडं बघितलं आणि कपाळावरचा कुंकवाचा ठिपका बघितला. "घट बैठे क्या तुम्हारे घर में?"

"व्हय," सरांच्या तोंडून निघून गेलं.

"फिर नक्को," चांदपाशा म्हणाले आणि पेपर परत उघडला.

"अहो चाचा, तुमचं काय जातंय?" कडुबा म्हणाला. "तुमच्या धर्मात कुठं हाय हे?"

"मेरे धरम में नहीं, मेरी दुकान में है," चांदपाशा म्हणाले. मग मराठीत वळले, कारण त्यांना पुढचं नीट समजावून सांगायचं होतं. "बाबा रे, या गल्लीत माझी निम्मी गिऱ्हाइकं घट बसवणारी. नवरात्रात मी असा रिकामा बसतो. बसतो म्हणून तर दसऱ्याला ते सगळे माझ्याकडंच येतात. आज मी याची मिशी काढली, तर याची बायको पिशोरात बसून माझ्या नावानं बोटं मोडील. मला या वयात कशाला पाहिजे?"

"पण सरांनी त्याच दिवशी म्हणलं होतं!" कडुबा हटेना. "नियम म्हणजे नियम! हरकत हाय माझी!"

सरांनी डोळे उघडले. आपलंच पालुपद दुसऱ्याच्या तोंडून इतकं कडू लागतं, हे त्यांना आजच कळत होतं.

फळीवरून सदफ उतरली. कमरेवर हात ठेवून तिनं सोनिया मॅडमसारखा आवाज काढला. "हरकत मंजूर करायची का नाही ते बघू. नियम कशासाठी असतो? कुणाला इजा होऊ नये."

"देवीला होईल," साळूबाई मागून म्हणाल्या.

"आणि कुणाला जास्तीचा फायदा मिळू नये. मिशी दसऱ्यापर्यंत ठेवली तर सरांना काय फायदा?"

"पिळतात की दिवसभर!" तनुजा एकदम म्हणाली, आणि मग सरांकडं बघून जीभ चावली.

"मग ठरलं," सदफ म्हणाली. "मिशी दसऱ्यापर्यंत राहील. पण पिळायची नाही, तेल नाही, हातसुद्धा लावायचा नाही. नुसती असेल. मान्य?"

दुकान खो खो हसलं. कडुबासुद्धा हसला आणि त्यानं मोबाइल खिशात ठेवला, कारण मिशीला हात न लावणारे कचरूसर बघायला मिळणार ही चैन एका चित्रफितीपेक्षा मोठी होती. सरांनी सदफकडं बघितलं. सकाळी या मुलीला त्यांनी मैदानाबाहेर काढायला बघितलं होतं.

"मान्य," ते म्हणाले. हात वर जायला लागला होता, तो त्यांनी अर्ध्यातून खाली घेतला.

पुढचे दोन दिवस सरांना फार जड गेले. शिकवताना हात मिशीकडं जायचा आणि मुली एका सुरात ओरडायच्या, "सर, टच!" मिशीला तेल नाही म्हणून ती खाली लोंबायला लागली. दसरा उजाडेपर्यंत कडुबाचं लक्ष दुसऱ्या कुठल्यातरी हरलेल्या सामन्याकडं गेलं होतं. "राहू द्या आता," बायको म्हणाली. "कुणी विचारत नाही." सरांनी सोनं म्हणून आपट्याची पानं खिशात घातली आणि पहिली एसटी पकडली.

चांदपाशांचं दुकान तुडुंब होतं. नऊ दिवसांच्या दाढ्या घेऊन अर्धं शहागंज बाकावर बसलं होतं. "पहला नंबर मास्टर का," चांदपाशा ओरडले आणि बाकावरच्यांनी कुरकुरत वाट दिली. सदफ आजोबांना चहा घेऊन आली होती. सरांनी आजोबांच्या आणि तिच्या हातावर पानं ठेवली.

"सोनं घ्या."

"पिळली नाही ना सर?" तिनं हसत विचारलं.

सर खुर्चीत बसले होते. चांदपाशांनी कापड गळ्याशी बांधलं. दुकानात त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. पिशोरचं तर नव्हतंच. शाळेत नव्हती पिळली, घरात नव्हती, फक्त काल संध्याकाळी एकटे शेताच्या बांधावरून येताना, सूर्याकडं बघत, अगदी सवयीनं.

सरांनी कापडाखालून हात बाहेर काढला आणि वर केला, तनुजानं मॅटवर केला होता तसा, अगदी सरळ.

"एकदा," ते म्हणाले. "कुणी बघितलं नाय. पण धरा."

सदफ हसायची थांबली. चांदपाशांनी वस्तरा उघडला. सरांचा हात अजून वरच होता.